मी दगड झाले का? प्राण्यांच्या दवाखान्यातल्या एका नर्सचा प्रश्न

"मला प्राण्यांची माया होती म्हणून मी हे काम धरलं. आता समोर प्राणी मेला तरी डोळ्यांत पाणी येत नाही. मॅडम, मी दगड झाले का? हे काम सोडू का?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. इस्पितळातल्या नर्स विचारतात, वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बायका विचारतात, विशेष मुलांच्या शिक्षिका विचारतात. प्राण्यांच्या दवाखान्यात काम करणारी माणसं मात्र फार उशिरा येतात. 'कुत्र्या-मांजरांसाठी रडायला समुपदेशकाकडे गेली' असं कुणी म्हणेल याची त्यांना धास्ती असते. त्यामुळे झोप उडून महिने झालेले असतात, तेव्हा कुठे पाय आमच्या दारापर्यंत येतो. म्हणून ही हकिगत लिहिते आहे. जिची आहे तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दामच दिलेलं नाही.

ती पंचविशीतली. फोंडा तालुक्यातल्या एका गावातून रोज सकाळी बसने पणजीच्या बाजूला एका खासगी दवाखान्यात जाते. घरी चार गायी, वडील डेअरीच्या सोसायटीत दूध घालतात. आठवीत असताना त्यांची एक गाय विताच बसली ती उठेना. मान पोटाकडे वळवलेली, कान थंडगार. डॉक्टर आले, दुग्धज्वर म्हणाले, आणि मानेतल्या शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली. बाटली धरायला कुणीतरी हवं होतं म्हणून ही उभी राहिली. फार भरभर सोडायचं नाही, हृदयावर ताण येतो, एवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ही हात न हलवता थेंबांकडे बघत राहिली. बाटली संपेपर्यंत गाईला ढेकर आली, अंग थरथरलं, आणि थोड्या वेळाने ती आपल्या पायांवर उभी राहिली. "त्या दिवशी ठरलं," ती म्हणाली.

पशुवैद्यक व्हायचं तर बारावीनंतर साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, तोही गोव्याबाहेर राहून. वसतिगृहाचा खर्च घराला झेपणारा नव्हता. मग दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली आणि हाताखाली राहून सगळं शिकली. वजन घेणं, ताप बघणं, सलाईन लावणं, शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेने निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये घालणं, एक्स-रेच्या वेळी शिशाचा एप्रन घालून तीस किलोचं जनावर आडवं धरून ठेवणं, पिंजरे धुणं, आणि मालकांना धीर देणं. लोक तिला नर्स म्हणतात, काही जण कंपाउंडर म्हणतात, पगाराच्या वहीत 'हेल्पर' लिहिलेलं आहे.

पहिल्या भेटीत तिने एक प्रसंग सांगितला. म्हातारा लॅब्राडोर, मूत्रपिंडं निकामी झालेली. घरच्यांनी विचार करून त्याला कायमचं झोपवायचं ठरवलं होतं. नवरा, बायको आणि कॉलेजात जाणारा मुलगा, तिघंही रडत होती. इंजेक्शन झालं, त्यांनी त्याला त्याच्याच चादरीत गुंडाळून गाडीत ठेवलं. हिने टेबल पुसलं, जंतुनाशक फवारलं, हात धुतले आणि आत जाऊन डबा उघडला. "दोन वाजून गेले होते. अर्धा डबा खाऊन झाल्यावर लक्षात आलं की मी जेवतेय. चार वर्षांपूर्वी अशा दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नसता."

आणि दुसरी गोष्ट तिने मान खाली घालून सांगितली. घरची मांजर दोन दिवस खात नव्हती. आईने सांगितलं तेव्हा हिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं: आता हिचंही मीच बघायचं का?

या दोन गोष्टी मी तिला वेगळ्या करून दाखवल्या, कारण त्या एकसारख्या नाहीत. टेबलापाशी न रडणं हे तिचं कसब आहे. मी तिला विचारलं, त्या वेळी तुझे हात नेमकं काय करत असतात? तिने माझ्याच हातावर दाखवलं. कुत्र्याचं डोकं आपल्या खांद्याशी घ्यायचं, एक हात मानेखालून, दुसऱ्या हाताने त्याचा पुढचा पाय कोपरापाशी धरायचा. अंगठ्याने वरून दाबून किंचित बाहेर वळवलं की शीर फुगून वर येते. डॉक्टर सुई घालतात, सिरिंजमध्ये रक्ताचा धागा दिसला की मान हलवतात. मग अंगठा सैल करायचा. "डॉक्टर शिरेकडे बघत असतात. घरच्यांना बघवत नाही. म्हणून जनावर माझ्याकडे बघत असतं. आणि मी अंगठा काढते तेव्हाच औषध आत जातं, मॅडम."

हे तिने याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. घरी नाही, दवाखान्यात सोबत काम करणाऱ्या मुलाला नाही, डॉक्टरांना तर नाहीच. त्या क्षणी तिचा हात थरथरला तर शीर निसटते, औषध शिरेबाहेर जातं आणि जनावराचे हाल होतात. म्हणजे त्या दोन मिनिटांत तिचं न रडणं हीच त्या जनावराला दिलेली माया आहे. नंतरचंही तीच सांभाळते. मेल्यावर डोळे मिटत नाहीत, कधी छाती एकदोनदा हलते, आणि घरचे घाबरून 'अजून जिवंत आहे' म्हणून ओरडतात. आधीच हळू आवाजात 'असं होईल, घाबरू नका, त्याला आता काही कळत नाही' असं सांगून ठेवणारी तीच असते. त्यानंतर तिला भूक लागली यात मला काहीच वावगं दिसलं नाही, आणि तसं मी तिला स्पष्ट सांगितलं.

घरच्या मांजरीचं मात्र मी बाजूला ठेवलं नाही. तिथे काहीतरी सुकलं होतं.

अशा वेळी आम्हाला आधी एक गोष्ट पारखून घ्यावी लागते. हे नैराश्य आहे की कामाने आलेला थकवा? झोप विचारली. पहाटे तीनला जाग येते, मग फोन बघत पडते, म्हणाली. जेवण ठीक. मग मी चवथीचं, म्हणजे घरच्या गणपतीचं विचारलं. चवथीला ती घरी होती. नेवऱ्या (करंज्या) करायला बसली होती, गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी रानफळं-पानं आणायला भावासोबत रानात गेली होती, आरतीला आवाज बसेपर्यंत ओरडली होती. सांगतानाही चेहरा खुलला होता. नैराश्यात सहसा असं होत नाही, सणावारीही मन तसंच मिटलेलं राहतं. हिचं मन दवाखान्याची आठवण आली की मिटत होतं. दुसऱ्याच्या वेदनेशी रोज संबंध येणाऱ्यांच्या या थकव्यावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये सविस्तर लिहिलं आणि तेव्हापासून तो वेगळा ओळखला जाऊ लागला. त्यावरचा इलाज वेगळा असतो, म्हणून आधी पारख.

आणखी एक प्रश्न मी तिला आडपडदा न ठेवता विचारला: जगू नये असं कधी वाटतं का? हा प्रश्न या क्षेत्रातल्या प्रत्येकाला मी विचारते. पशुवैद्यकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलेलं आहे, आणि जनावरांना झोपवायची औषधं ज्या कपाटात असतात त्याची किल्ली या लोकांच्या हातात असते. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट मोकळीक मिळते. ती म्हणाली, "नाही. पण कपाट उघडायला आता मला आवडत नाही." मी ते लिहून घेतलं आणि पुढेही पुन्हा पुन्हा विचारत राहिले. हे वाचणाऱ्या कुणाला होय असं उत्तर द्यावंसं वाटत असेल तर आजच कुणाशी तरी बोला. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. आणि किल्ली तोवर दुसऱ्याकडे द्या.

मग मी तिला विचारलं, शेवटचं रडू कधी आलं होतं?

बराच वेळ ती बोलली नाही. मग एका पांढऱ्या स्पिट्झ कुत्रीची गोष्ट निघाली. जुलैचा महिना. पाच-सहा वर्षांची कुत्री, नसबंदी न केलेली, सारखं पाणी पिते आणि खात नाही म्हणून मालक घेऊन आला. हिने ताप घेतला, पोटाला हात लावला आणि डॉक्टर यायच्या आधीच ओळखलं. माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होतो, हिने तशा केसेस पाहिल्या होत्या. सोनोग्राफीत तेच निघालं. गर्भाशय काढून टाकणं हाच खरा उपाय, तोही त्याच दिवशी. डॉक्टरांनी चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि चिठ्ठी हिच्या हातात दिली. बाहेर जाऊन मालकाला सांगायचं काम हिचं.

मालकाने आकडा बघितला. म्हणाला, बघतो, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी आला नाही. हिने स्वतःच्या मोबाइलवरून फोन केले, उचलले नाहीत. चौथ्या दिवशी कुत्रीला उचलून आणलं तेव्हा हिरड्या मातकट झाल्या होत्या. टेबलावरच गेली. त्या रात्री ही बसमध्ये रडत घरी आली. त्यानंतर नाही.

"त्या माणसाचा राग आला?" मी विचारलं.

"आधी फार आला. मग कळलं, तो पर्यटकांची गाडी चालवतो. पावसाळ्यात त्याच्याकडे धंदाच नसतो. चतुर्थीला बायकोचं सोनं सोडवायचं होतं. शेवटच्या दिवशी त्याच्या हातात पैसे होते, मॅडम. तो घेऊन आला होता."

मग राग कुणावर धरायचा? डॉक्टरांवर? त्यांनाही औषधं, भूल, भाडं, पगार यांचे पैसे कुठून तरी आणायचे असतात. मालकावर? तो पैसे जमवतच होता. राग धरायला कुणी सापडलं नाही म्हणजे तो अंगावरच राहतो. काय करायला हवं ते ठाऊक आहे, हात ते करायला तयार आहेत, आणि तरीही करता येत नाही, या अवस्थेबद्दल अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये माणसांच्या इस्पितळातल्या नर्सना समोर ठेवून लिहिलं होतं. प्राण्यांच्या दवाखान्यात हे त्याहून जास्त वेळा घडतं, असं माझं मत आहे. माणसासाठी सरकारी इस्पितळ आहे, विमा आहे, नातेवाईक वर्गणी काढतात. कुत्र्याच्या शस्त्रक्रियेसाठी वर्गणी मागायला माणूस लाजतो.

मी तिला सांगितलं, मरणाने तू थकलेली नाहीस. त्या लॅब्राडोरचं मरण योग्य वेळी, त्याच्या माणसांच्या हातांत आणि तुझ्या खांद्यावर आलं. तू थकली आहेस ती टाळता आली असती अशा मरणांनी, आणि त्यांचा निरोप बाहेर जाऊन सांगण्याने. मन मिटलं ते त्या चिठ्ठीपासून.

काम सोडायचं की नाही, हे तिने तेव्हा ठरवू नये असं मी म्हटलं. पहाटे तीनला जागं राहणाऱ्या माणसाने नोकरीचा निर्णय घेऊ नये. त्याऐवजी तिला एक काम दिलं. दवाखान्यातून निघताना प्रत्येक प्राण्यासाठी एक ओळ लिहायची: कोण आलं, काय झालं, पुढे काय झालं. भावना लिहायची सक्ती नाही.

काही आठवड्यांनी ती वही घेऊन आली. मी पानं उलटत गेले आणि तिसऱ्या खान्याकडे माझं लक्ष गेलं. 'पार्वो, पिल्लू, सलाईन चालू. पुढे: माहीत नाही.' 'गोचीडताप, काळी कुत्री, रक्त कमी. पुढे: माहीत नाही.' 'मांजर, मागचा पाय मोडला, पिन घातली. पुढे: माहीत नाही.' मृत्यू होते, पण तिला वाटत होतं तेवढे नव्हते. वहीभर होतं ते 'माहीत नाही'. कारण साधं होतं. तिची पाळी संध्याकाळी पाचला संपायची, बस चुकून चालायची नाही. मालक कामावरून सुटून सहा-सातला यायचे आणि बरी झालेली जनावरं त्या वेळी घरी जायची. तिच्यासमोर प्राणी यायचे ते आजारी, आणि मरायचे तेही तिच्यासमोरच. शेपटी हलवत बाहेर जाताना तिने चार वर्षांत फारच थोडे पाहिले होते.

पार्वो या विषाणूने आजारी पडलेल्या पिल्लाचं उदाहरण घ्या. रक्ताची हगवण, तो विशिष्ट वास, वेगळ्या खोलीत ठेवलेला पिंजरा. तिथे जाताना दर वेळी हातमोजे, बाहेर येताना ब्लीचने पायपुसणं भिजवायचं, कारण तो विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो. वेळेत सलाईन आणि नीट देखरेख मिळाली तर बरीच पिल्लं वाचतात, न मिळाल्यास बहुतेक जातात. या देखरेखीचा मोठा वाटा नर्सचा असतो. दर तासाला सलाईनची नळी बघणं, खालचं फडकं बदलणं, थंड पडलेल्या पिल्लाशेजारी गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते पिल्लू पहिल्यांदा बोटावरचं खाणं चाटतं. आणि ज्या दिवशी ते घरी जातं त्या दिवशी हात जोडायला मालक डॉक्टरांपुढे उभा असतो, आणि ही बाणस्तारीच्या पुलावर बसमध्ये उभी असते.

ही गोष्ट बोलून मन हलकं करण्याने सुटणारी नव्हती, वेळापत्रकात बदल करून सुटणारी होती. समुपदेशनात असं पुष्कळदा होतं आणि ते लोकांना सांगितलं पाहिजे, असं मला वाटतं. श्वासाचे व्यायाम मीही शिकवते, झोपेसाठी तिलाही शिकवले. पण कामाची मांडणीच माणसाला त्याच्या कष्टाचं फळ दाखवत नसेल तर नुसते श्वास मोजून काय होणार?

तिने डॉक्टरांशी काय बोलायचं ते आम्ही माझ्या खोलीत आधी बोलून पाहिलं, कारण तिला ते 'तक्रार केल्यासारखं' वाटत होतं. मागण्या दोन होत्या. खर्चाचा आकडा डॉक्टरांनी स्वतः मालकाला सांगावा, तोही तपासतानाच, आणि कमी पैशांत काय करता येईल, हप्ते चालतील का, हेही त्याच वेळी बोलावं. आणि घरी गेलेल्या प्राण्यांना तिसऱ्या दिवशी फोन करायचं काम दवाखान्याच्या फोनवरून, तिच्या पाळीत, तिला द्यावं. टाके काढायला दहाव्या ते चौदाव्या दिवशी यावंच लागतं, तेही शक्यतो सकाळी बोलवावं.

दुसरी मागणी डॉक्टरांनी लगेच मान्य केली, त्यांच्याही फायद्याची होती. औषध मध्येच बंद केलेलं, टाके चाटून उसवलेले, असं फोनवरच कळू लागलं. पहिलीचं अर्धंच झालं. गर्दी असली की चिठ्ठी अजून तिच्याच हातात येते. पण आता ती चिठ्ठी मालकाला देताना एक वाक्य बोलते, जे आम्ही मिळून बसवलं: "हे आज जमणार नसेल तर डॉक्टरांना आत्ताच सांगा, दुसरा मार्ग असला तर ते आजच सांगतील." 'उद्या येतो' म्हणून जाणाऱ्यांतले काही थांबू लागले. सगळे नाही.

वहीवरून आणखी एक गोष्ट निघाली. एका ओळीत फक्त लिहिलं होतं, 'मांजर, नसबंदी, ठीक.' मी सहज विचारलं, ठीक म्हणजे? तर म्हणाली, भूल दिलेली असताना तिचं लक्ष हिरडीवर होतं. गुलाबी रंग जरा उतरल्यासारखा वाटला. तिने बोटाने हिरडी दाबून सोडली. हे दाखवताना तिने स्वतःचं नख दाबून सोडलं: पांढरं होतं आणि लगेच गुलाबी होतं, तसं दोन सेकंदांच्या आत व्हायला हवं. झालं नाही. तिने डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी भूल कमी केली, प्राणवायू वाढवला, रंग परत आला. शस्त्रक्रिया पुरी झाली. तिने लिहिलं 'ठीक'.

मी तिला तिथेच थांबवलं. ज्या मांजरीचा जीव तुझ्या बोटामुळे वाचला तिच्यासाठी वहीत एक शब्द, आणि ज्या कुत्रीला वाचवणं तुझ्या हातात नव्हतं तिच्यासाठी सहा महिने झोप नाही, हा हिशेब कुणी शिकवला? ती हसली नाही, पण पुढच्या वेळी त्या ओळीत चार वाक्यं वाढलेली होती. मी सांगितलेली नव्हती.

आई एकदा सोबत आली. तिला वेगळीच काळजी होती आणि ती खोटी नव्हती. "नर्सच व्हायचं होतं तर बांबोळीच्या इस्पितळात लागली असती. माणसांची सेवा, सरकारी पगार. हिला बघायला आलेले लोक विचारतात, मुलगी काय करते? काय सांगू? अंगाला वास येतो, हाताला ओरखडे. आणि एखादं पिसाळलेलं चावलं तर?"

शेवटच्या भीतीला मी आधी हात घातला, कारण तिला उत्तर आहे. गोव्यात २०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालवली आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. आईला ती जाळी घेऊन फिरणारी मुलं आठवली. तरीही प्राण्यांत काम करणाऱ्याने चावण्याआधीच लस घ्यायची असते, तीन डोस, आणि हिने ती घेतली होती. घरी सांगायचं राहून गेलं होतं. लस घेतलेली असली तरी चावल्यावर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी व तीन दिवसांनी असे दोन डोस पुन्हा घ्यायचे. मांजराचा चावा लहान दिसतो म्हणून सोडून द्यायचा नाही, सुईसारखे दात खोल जातात आणि हात सुजतो. पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे जनावरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची भीती असते, म्हणून कुत्र्याच्या मुताला हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. आई सगळं ऐकून म्हणाली, "हे हिने मला कधी सांगितलंच नाही." मुलगी म्हणाली, "तू विचारलंस कधी? तू वासाचंच बोलतेस." त्या दोघींना मी थोडा वेळ तसंच बोलू दिलं.

लग्नाच्या प्रश्नावर मी आईला गोड बोलून काही पटवलं नाही. मुलीचं काम ऐकून नाक मुरडणारं घर आधीच कळलं तर बरंच, एवढंच म्हटलं. नंतर कळलं की वडिलांनीच घरी विषय मिटवला. त्यांना त्या कॅल्शियमच्या बाटलीची आठवण होती.

पगाराचा प्रश्न मात्र समुपदेशकाच्या खोलीत सुटत नाही, आणि तो सुटला असं भासवणं मला योग्य वाटत नाही. आपल्याकडे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणी होते ती पदवीधर पशुवैद्यकांची. प्राण्यांच्या नर्ससाठी तशी वेगळी नोंदणी नाही. ब्रिटनमध्ये १९६१ पासून त्यांचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं, आज तिथे त्यांची नोंदवही आहे. आपल्याकडे तीच कामं करणारी मुलगी 'हेल्पर' असते. 'प्राण्यांवर प्रेम आहे ना, मग पैशांचं काय एवढं?' असं तिला ऐकवलं जातं तेव्हा मला संताप येतो. माया आहे म्हणून कमी पगार द्यायचा, आणि कमी पगारात माया आटली की तिलाच दोष द्यायचा, हे थांबलं पाहिजे. तिला मी एवढंच सुचवलं की चार वर्षांत जे जे शिकली त्याची यादी करून, डॉक्टरांच्या सहीचं अनुभवाचं पत्र घ्यावं, आणि पशुसंवर्धनाच्या पदविका कुठे आहेत, त्यांना किती खर्च येतो, कोणत्या तिला लागू पडतात, हे स्वतः फोन करून विचारावं. नोकरी सोडायची झाली तर पळून जाण्यासाठी सोडू नये, कुठेतरी जाण्यासाठी सोडावी.

झोप हळूहळू सुधारली. दवाखान्यात झोपवण्याचं काम झालं की ती आणि सोबतचा मुलगा मागच्या दारी दोन मिनिटं उभे राहतात, पाणी पितात, त्या प्राण्याचं नाव घेऊन एखादं वाक्य बोलतात, मग पुढची केस. तो मुलगा आधी बोलायचा नाही. आता तोच आधी बोलतो. कपाटाची किल्ली तिने स्वतःहून डॉक्टरांच्या खणात ठेवायला सुरुवात केली.

घरची मांजर बरी झाली, नुसता दातांचा त्रास होता. तिला दवाखान्यात नेताना काय वाटलं, असं मी विचारलं. "चिडचिड झाली," ती म्हणाली, "बसमध्ये ती ओरडत होती. पण मला काळजीही वाटत होती. दोन्ही."

अनुभवाचं पत्र तिने मागितलं, मिळालं, त्यात 'नर्सिंगचं काम' असं लिहिलेलं आहे. पगार थोडा वाढला, तिच्या मनासारखा नाही. चवथ होईपर्यंत इथेच काम करायचं आणि तोवर पदविकेची चौकशी पुरी करायची, असं तिने ठरवलं आहे. पुढच्या भेटीला ती त्याचे कागद घेऊन येणार आहे.